कार्यालयातील उजेड आणि विजेचा हिशेब

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे पडली की गाडी डोंगराळ आणि वनाच्छादित प्रदेशात शिरते आणि राज्याच्या सीमेलगतचे दरेकसा हे स्थानक येते. हाजरा धबधब्यासाठी आणि माघ पौर्णिमेस भरणाऱ्या कचारगडच्या यात्रेसाठी प्रवासी येथे उतरतात. येथून पुढे बोरतलावच्या दिशेने जाणारा मार्ग डोंगरातील बोगद्यातून जातो. भर दुपारी गाडी बोगद्यात शिरली की डब्यातील दिवा चालू असूनही क्षणभर काहीच दिसेनासे होते. डोळा अंधाराला सरावण्याच्या आतच बोगदा संपतो आणि बाहेरच्या उन्हाने डोळे दिपतात. गंमत अशी की, तोच दिवा रात्रीच्या प्रवासात पुस्तक वाचण्यास पुरेसा वाटतो. दिव्याचा प्रकाश दोन्ही वेळी तेवढाच असतो. बदललेली असते ती डोळ्याची अवस्था.

प्रकाशयोजनेच्या शास्त्रातील पहिला पाठ या अनुभवात सामावलेला आहे. मानवी डोळा प्रकाश मोजत नाही, त्याची तुलना करतो. नजरेच्या टप्प्यात जे सर्वांत उजळ असेल त्याच्याशी तो जुळवून घेतो आणि त्या मानाने इतर सर्व काही त्याला अंधारे भासते. एखाद्या कार्यालयाची पश्चिमेकडील खिडकी उन्हाने लखलखत असेल, तर खोलीच्या आतील भागात वाचण्याइतका उजेड असूनही ती खोली कोंदट आणि काळोखी वाटते. मग कोणीतरी उठून खिडकीवर पडदा ओढतो आणि सर्व दिवे लावतो. बाहेर प्रखर सूर्यप्रकाश आणि आत भर दुपारी जळणारे दिवे, हे आपल्या कार्यालयांतील नित्याचे दृश्य आहे. याचा दोष बहुधा कर्मचाऱ्यांच्या माथी मारला जातो. वास्तविक तो इमारतीचा नकाशा आखणाऱ्याचा असतो.

हा विचार केवळ महानगरांतील काचेच्या उंच इमारतींपुरता मर्यादित नाही. दरेकसासारख्या गावी ग्रामपंचायतीचे कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, शाळेतील मुख्याध्यापकांची खोली किंवा सहकारी संस्थेची कचेरी एकदा बांधली की ती पुढील चाळीस-पन्नास वर्षे तशीच उभी राहते. खिडकी कोणत्या दिशेस ठेवावी, छज्जा किती पुढे आणावा आणि दिव्यांच्या तारा कशा ओढाव्यात हे निर्णय बांधकामाच्या पहिल्या काही आठवड्यांत होऊन जातात. त्यांचे देयक मात्र पुढची दोन पिढ्यांची पंचायत भरत असते. मोठ्या व्यापारी संस्थांकडे चुका दुरुस्त करण्यासाठी पैसा असतो, ग्रामपंचायतीकडे तो नसतो. म्हणून आधुनिक कार्यालयीन इमारतींच्या प्रकाशयोजनेत जे शिकण्यासारखे आहे, ते लहान गावांनीच अधिक काळजीपूर्वक समजून घ्यावयास हवे.

सूर्याचे वेळापत्रक

दरेकसा सुमारे सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. या दोन आकड्यांवरून येथील इमारतीला केव्हा, कोणत्या बाजूने आणि किती कोनात ऊन मिळेल हे निश्चित सांगता येते.

प्रथम रेखांश पाहू. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. दरेकसा या रेषेच्या जवळ असल्याने तेथील सूर्य घड्याळाच्या मागे सरासरी आठ मिनिटेच असतो. मुंबईत हे अंतर जवळजवळ चाळीस मिनिटांचे आहे. म्हणजे एकाच राज्यातील या दोन ठिकाणच्या उजेडात अर्ध्या तासाचा फरक पडतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर दरेकसाच्या परिसरात तो साडेपाचच्या आधीच डोंगराआड गेलेला असतो. त्यामुळे सालेकसा तालुक्यातील शासकीय कार्यालयाचा हिवाळ्यातील शेवटचा पाऊण तास सर्वस्वी दिव्यांवर अवलंबून राहतो. उलट सकाळी कार्यालय उघडते तेव्हा येथे भरपूर प्रकाश असतो. मुंबईत तयार झालेला नमुना नकाशा येथे जसाच्या तसा वापरताना हा फरक सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

आता अक्षांशाकडे वळू. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दरेकसा येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६९ अंश उंचीवर असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो ४५ अंशांपर्यंत खाली येतो आणि जूनमध्ये डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेकडील चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असेल, तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मध्यान्हीच्या सुमारास त्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. आकाशाचा सौम्य उजेड मात्र येत राहतो. थंडीत सूर्य खाली आल्यावर थोडे ऊन आत येते आणि त्या दिवसांत ते नकोसेही वाटत नाही. उत्तरेकडील खिडकी तर याहून सोयीची असते. तिला जून महिन्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सोडल्यास जवळजवळ वर्षभर शांत, स्थिर उजेड मिळतो. चित्रकार आपल्या खोलीसाठी उत्तरेची खिडकी का मागतात, ते यावरून समजावे.

खरी अडचण पूर्व आणि पश्चिम या दिशांची आहे. या बाजूंनी सूर्य खालून, तिरपा आत शिरतो आणि छज्जा कितीही पुढे आणला तरी त्याला अडवू शकत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांना टेकत असताना पश्चिमेच्या खिडकीतून उजेडासोबत उष्णताही खोलीत येते. तेव्हा इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण बाजूंस घ्याव्यात, पश्चिमेस जिना, अभिलेख कक्ष किंवा प्रसाधनगृह ठेवावे. हे जमत नसेल तर त्या बाजूस व्हरांडा काढावा. आवारात पश्चिमेस एखादे डेरेदार झाड आधीपासून असेल, तर ते तोडून वाहनतळ करण्याचा मोह आवरावा. त्या झाडाइतका चांगला पडदा बाजारात मिळत नाही.

उजेड खोलीत किती आतपर्यंत पोहोचतो, याचा एक सोपा ठोकताळा आहे. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच असेल, त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाला पुरेसा उजेड मिळतो. सात फुटांवर संपणारी खिडकी चौदा ते सतरा फुटांपर्यंत उजेड देते. हीच उंची नऊ फुटांवर नेली, तर तो अठरा ते बावीस फुटांपर्यंत जातो. म्हणजे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करणे अधिक लाभाचे असते. जुन्या काळातील कचेऱ्या आणि डाक बंगले यांच्या उंच भिंतींत तक्तपोशीजवळ लहान झरोके असत, ते काही निव्वळ शोभेसाठी नव्हते. गरम हवा बाहेर घालविण्यासाठी आणि खोलीच्या मध्यापर्यंत उजेड नेण्यासाठी त्यांची योजना होती. विदर्भातील कवेलूंच्या घरांत स्वयंपाकाच्या जागी छतात एखादे काचेचे कवेलू बसविण्याची पद्धतही याच शहाणपणाची आहे. छताकडून येणारा उजेड खिडकीच्या उजेडापेक्षा कितीतरी प्रभावी असतो. हातभर काचेने अख्खी चूल उजळते. स्लॅबच्या इमारती आल्या आणि झरोका व काचेचे कवेलू दोन्ही गेले. त्यांची जागा भरून काढण्यासाठी आपण दिवसा दिवे लावू लागलो.

किती उजेड पुरेसा?

उजेडाचे मोजमाप करण्यासाठी दोन शब्दांची ओळख करून घ्यावी लागेल. दिव्यातून एकूण जो प्रकाश बाहेर पडतो, तो ल्यूमेनमध्ये मोजतात. हा प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर किती दाटीने पडतो, ते लक्समध्ये सांगतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन प्रकाश पडला, तर तेथील उजेड एक लक्स होय. निरभ्र दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात तो एका लक्सपेक्षाही कमी असतो. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आपले लिहिण्या-वाचण्याचे काम चालते.

भारतीय मानक ३६४६ अन्वये सर्वसाधारण कार्यालयात टेबलाच्या पातळीवर ३०० ते ७५० लक्स उजेड असावा, तर मार्गिकांमध्ये ५० ते १५० लक्स पुरेसा मानला आहे. नैसर्गिक उजेडाच्या हिशेबासाठी आपल्याकडे बाहेरील आकाशाचा उजेड ८,००० लक्स धरतात आणि त्याचा किती टक्के अंश आत टेबलावर पोहोचतो ते पाहतात. सर्वसाधारण कार्यालयासाठी हा अंश १.९ टक्के, म्हणजे सुमारे १५० लक्स असावा, अशी शिफारस आहे. ८,००० लक्स हा आकडा मुद्दामच कमी धरलेला आहे. पावसाळ्यातील ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड बराच वेळ याहून अधिक असतो. त्यामुळे भाताच्या रोवणीच्या दिवसांत, आभाळ भरून आलेले असतानाही, नीट बांधलेल्या कार्यालयात दुपारी दिव्यांची गरज फारशी पडू नये.

या आकड्यांत एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे वय. साठीच्या व्यक्तीच्या डोळ्यातील बाहुली लहान झालेली आणि भिंग पिवळसर झालेले असते. विशीतील तरुणाच्या तुलनेत तिच्या दृष्टिपटलापर्यंत जेमतेम एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो. निराधार योजनेच्या अर्जावर अंगठा किंवा सही करण्यासाठी येणारी आजी आणि तो अर्ज तपासणारा पंचवीस वर्षांचा कर्मचारी एकाच दिव्याखाली बसलेले असतात, पण दोघांना तो सारखा उपयोगी पडत नाही. वीज वाचविण्याच्या नावाखाली सर्वत्र उजेड कमी करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. नागरिक ज्या खिडकीसमोर उभे राहून कागद वाचतात तेथे उजेड अधिक हवा. मागच्या कपाटांपाशी तो कमी असला तरी चालेल.

एका खोलीचे गणित

उदाहरणादाखल वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटरची एक खोली घेऊ. चार कर्मचारी, चार टेबले आणि टेबलांवर ३०० लक्स उजेड हवा आहे. २८ चौरस मीटरला ३०० ने गुणले की ८,४०० ल्यूमेन येतात. परंतु दिव्यातून निघालेला सर्व प्रकाश टेबलापर्यंत येत नाही. काही भिंतींत व तक्तपोशीत जिरतो, तर काही दिव्यावरील धुळीत अडतो. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत साधारण साठ टक्के प्रकाश टेबलांच्या पातळीवर उतरतो असे धरले आणि धूळ व जुनेपणा यांसाठी आणखी वीस टक्के सोडले, तर प्रत्यक्षात १७,५०० ल्यूमेनचे दिवे लावावे लागतात.

हा प्रकाश पिवळ्या बल्बांतून मिळवायचा म्हटले, तर ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन देतो. म्हणजे पंचवीस बल्ब आणि १,५०० वॅट! असे कोणी कधी केले नाही. बल्बांच्या काळात लोक अपुऱ्या उजेडात डोळे ताणून काम करीत, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ४० वॅटची जाड नळी आली. चोकमध्ये जाणारे बारा वॅट धरून ती ५२ वॅट घेई आणि सुमारे २,४५० ल्यूमेन देई. अशा आठ नळ्यांना ४१६ वॅट लागतात. आज २० वॅटची एलईडी नळी २,००० ल्यूमेन सहज देते. नऊ नळ्या, १८० वॅट.

येथपर्यंतची प्रगती दिव्याच्या कारखान्यातील आहे, तीत आपले कर्तृत्व काही नाही. पुढची पायरी योजना करणाऱ्याची आहे. सबंध खोलीभर ३०० लक्स उजेड कशासाठी हवा? दोन टेबलांमधील वाटेला आणि कपाटाच्या माथ्याला त्याची गरज नसते. खोलीत सर्वत्र १५० लक्स ठेवावा आणि प्रत्येक टेबलावर सात वॅटचा एक लहान दिवा द्यावा. आता पाच नळ्यांचे १०० वॅट आणि चार मेजदिव्यांचे २८ वॅट मिळून १२८ वॅटमध्ये काम भागते. शिवाय कागदावर पडणारा उजेड पूर्वीपेक्षा अधिक असतो. ज्याची नजर अधू आहे त्याने दिवा जवळ ओढून घ्यावा, ज्याला नको त्याने बंद ठेवावा. वर्षात दोन हजार तास काम चालते असे मानले, तर जुन्या नळ्यांना ८३२ युनिट लागत, तेथे आता २५६ युनिट लागतात. खिडकीच्या उजेडाचा उपयोग केल्यास त्याहूनही कमी.

याच खोलीच्या भिंती गडद हिरव्या किंवा तपकिरी रंगविल्या, तर टेबलापर्यंत उतरणारा प्रकाश साठ टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांपर्यंत घसरतो. नऊऐवजी चौदा नळ्या लागतात. पाच नळ्यांचे आणि त्यांच्या विजेचे काम चुन्याचा एक हात करतो. मळ दिसू नये म्हणून शासकीय इमारतींत कमरेएवढ्या उंचीपर्यंत गडद रंग देण्याची जुनी रीत आहे. ती तेवढ्यापुरतीच ठेवून वरचा भाग आणि तक्तपोशी स्वच्छ पांढरी ठेवावी, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

कायदा आणि नमुने

विजेच्या या हिशेबाला आता कायद्याचे अधिष्ठान आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना केली. आपल्या राज्यात या अधिनियमाखालील काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, ही संस्था पाहते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रथम २००७ मध्ये आली. तीत कार्यालयांच्या दिव्यांसाठी दर चौरस मीटरला १०.८ वॅटची मर्यादा होती. २०१७ च्या सुधारित संहितेने ती ९.५ वॅटवर आणली आणि सर्वोच्च श्रेणीच्या इमारतीसाठी ५ वॅट ठरविली. वर घेतलेल्या खोलीत जाड नळ्यांचा हिशेब दर चौरस मीटरला सुमारे १५ वॅट होतो, नऊ एलईडी नळ्यांचा ६.४ वॅट आणि मेजदिव्यांच्या योजनेचा ४.६ वॅट. ही संहिता मोठ्या विद्युतभाराच्या इमारतींना लागू होते, पंचायतीच्या दोन खोल्यांना तिचे बंधन नाही. तथापि दरेकसाच्या कचेरीत सर्वोच्च श्रेणीचा आकडा गाठण्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, हे या गणितावरून ध्यानात यावे.

मोठ्या प्रमाणावर हे कसे साधले जाते याचे एक ठळक उदाहरण पुण्यात हडपसर येथे आहे. सुझलॉन कंपनीने सुमारे दहा एकर जागेवर उभारलेली ‘वन अर्थ’ ही वास्तू ख्रिस्तोफर बेनिंजर या पुण्यात स्थायिक झालेल्या वास्तुविशारदांनी योजिली होती. उंच मनोरा न बांधता त्यांनी बुटक्या, पसरलेल्या इमारती अंगणांभोवती गुंफल्या. इमारत अरुंद ठेवली की मध्यभागी उजेड न पोहोचणारा पट्टा उरत नाही. बाहेरच्या बाजूस ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे आच्छादन असल्याने ऊन अडते आणि उजेड आत येतो. सुमारे नव्वद टक्के कर्मचाऱ्यांच्या बैठकीपर्यंत दिवसाचा उजेड पोहोचावा असे हे नियोजन होते आणि तिला हरित इमारतींची सर्वोच्च मानांकने लाभली. नीट पाहिले तर अरुंद खोल्या, मध्ये अंगण आणि बाहेर ऊन अडविणारी जाळी ही रचना आपल्या जुन्या वाड्याचीच आहे.

शासकीय इमारतींपैकी नवी दिल्ली येथील इंदिरा पर्यावरण भवनाचा उल्लेख करावयास हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधलेल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये उद्घाटन झालेल्या या इमारतीत दिव्यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५ वॅट ठेवला आहे आणि तिच्या तीनचतुर्थांश क्षेत्रात दिवसा नैसर्गिक उजेड मिळतो. मधले मोकळे अंगण हेच तिच्याही योजनेचे मर्म आहे. सारेच नवे बांधता येत नाही, हेही खरे. मुंबईत फोर्ट भागातील १९७२ सालच्या गोदरेज भवनाची २०१० मध्ये ऊर्जाबचतीच्या दृष्टीने सुधारणा झाली. त्यात मोठा वाटा वातानुकूलन यंत्रणेचा होता, दिवे त्या जोडीने बदलले गेले. आणि खर्च पाच वर्षांच्या आत भरून निघेल असा हिशेब मांडला गेला. वातानुकूलन व दिवे यांचा संबंध निकटचा आहे. दिव्यात खर्च होणारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला दर तीन वॅटमागे सुमारे एक वॅट वेगळा लागतो. म्हणून थंड ठेवलेल्या कार्यालयात दिव्यांचे तीन वॅट वाचविले की प्रत्यक्षात चार वाचतात.

बटण कोठे असावे?

या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित वस्तू म्हणजे भिंतीवरील बटण. बहुतेक कार्यालयांत खोलीतील सर्व नळ्या एक-दोन बटणांवर असतात. खिडकीजवळ लखलखीत उजेड आहे आणि आतल्या भिंतीशी एकाला दिवा हवा आहे. तो बटण दाबतो आणि सगळी खोली पेटते. दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर ठेवून प्रत्येक रांगेस वेगळे बटण दिले, तर खिडकीलगतची रांग दिवसभर बंद ठेवता येते. तारा ओढण्याआधी हे सांगितल्यास खर्च काही फुटांच्या तारेचा आणि एका बटणाचा असतो. भिंती गिलावा होऊन रंगल्यावर सांगितल्यास तो भिंत फोडण्याचा होतो. मोठ्या कार्यालयांत माणसाची चाहूल घेऊन दिवा चालू-बंद करणारी उपकरणे बसवितात. लहान कचेरीत त्यांची जागा प्रसाधनगृह आणि अभिलेख कक्ष एवढीच. एरवी दाराशी, बाहेर पडताना हाताला येईल असे बटण पुरते.

टेबलाची मांडणीही महत्त्वाची आहे. संगणकाच्या मागे खिडकी असली तर डोळे दिपतात, पाठीशी असली तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. खिडकी बाजूस हवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास ती डावीकडे असल्यास हाताची सावली कागदावर पडत नाही. अधिकाऱ्यांचे टेबल खिडकीला पाठ करून, दाराकडे तोंड करून मांडण्याचा प्रघात आहे. त्यात भारदस्तपणा असेलही, पण समोर बसलेल्या अभ्यागतास साहेबांचा चेहरा दिसत नाही.

दिवे विकत घेताना वॅटचा आकडा पाहू नये, ल्यूमेनचा पाहावा. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच सुमारास आपल्याकडे हे दिवे सर्वसामान्यांच्या आटोक्यात येऊ लागले. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेसाठी घाऊक खरेदी झाली आणि २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांस घेतला जाणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. स्वस्ताईबरोबर निकृष्ट मालही आला. हलक्या दिव्यातील विद्युतयंत्रणा उष्णतेने व दाबाच्या चढउताराने लवकर निकामी होते, मग पंचवीस हजार तासांच्या आयुष्याची हमी डब्यावरच राहते. काही दिव्यांचा प्रकाश डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने थरथरतो आणि त्याने डोके दुखते. भ्रमणध्वनीचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पाहावे. चित्रात काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो दिवा परत करावा. मानक संस्थेचे चिन्ह आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे पाहून घेतलेला दिवा थोडा महाग पडला तरी अखेर स्वस्तच ठरतो.

वीज नसताना

जंगलातून येणाऱ्या वाहिनीवर वादळात फांदी पडली की दुर्गम भागातील गावांचा पुरवठा खंडित होतो. अशा वेळी कमी भाराच्या प्रकाशयोजनेचे मोल पैशाच्या पलीकडे जाते. आपल्या खोलीतील १२८ वॅटचे दिवे चार तास चालवावयाचे तर सुमारे अर्धा युनिट वीज साठवून ठेवावी लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या एका बॅटरीत, ती निम्मीच वापरली तरी, एवढी वीज सहज मिळते आणि ती भरण्यास छतावर एक लहानसे सौर पटल पुरते. जुन्या नळ्यांचा भार असता तर अशा दोन बॅटऱ्या लागल्या असत्या आणि त्यांच्या खर्चाच्या धास्तीने प्रस्तावच बारगळला असता. आरोग्य उपकेंद्रात रात्री प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तेथे सौर योजनेचा प्रस्ताव करण्याआधी दिव्यांचा भार कमी करावा. आधी मोठी यंत्रणा घेऊन नंतर दिवे बदलणे म्हणजे पैसा दोनदा घालविणे होय.

निगा राखण्याचा भाग नेहमीप्रमाणे शेवटी येतो आणि बहुधा राहूनच जातो. भातशेतीच्या या प्रदेशात पावसाळी संध्याकाळी दिव्यांवर किड्यांची झुंबड उडते. झाकणात साचलेल्या मेलेल्या किड्यांचा थर एका हंगामात दिव्याचा चांगलाच प्रकाश खातो. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत दिवे आणि खिडक्यांच्या काचा पुसल्या, तर लवकर मावळणाऱ्या सूर्याच्या दिवसांआधीच उजेड पूर्ववत होतो. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे त्या मानाने कमी. म्हणून व्हरांड्यात व आवारात पिवळसर दिवेच लावावेत, तेही वरून झाकलेले आणि जमिनीकडे तोंड असलेले. आकाशाकडे आणि रानाकडे जाणारा उजेड कोणाच्याच कामाचा नसतो, त्याचे देयक मात्र पंचायतीला येते. शिवाय अशा झगमगाटापलीकडे उभे असलेले जनावर व्हरांड्यातून पाहणाऱ्यास दिसतही नाही.